संडासाच्या खिडकीतलं पॅडल

माझं पॅडल मला संडासाच्या खिडकीत सापडलं.

कॉलेजजवळ आम्ही पोरं जमायचो त्या घराचा वरच्या मजल्यावरचा संडास. त्याच्या खिडकीची काच वर सरकवली की टिकायची नाही, धाडकन खाली यायची. म्हणून कोणीतरी खाली टेकू लावला होता. टेकू म्हणजे माझं पॅडल. अक्रोडाच्या लाकडाचं. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तीन आठवडे घासून घासून गुळगुळीत केलेलं. वर तीन ग्रीक अक्षरं, पितळेची, एकेक खिळा मी ठोकलेला. खाली चिन्मयचं नाव आणि त्याच्याखाली माझं. दोन्ही नावांवर कोणाच्या तरी टूथपेस्टचे शिंतोडे वाळले होते.

मी ते ओढून काढलं. काच आदळली. मागे दारात दोघं जण टॉवेल खांद्यावर टाकून उभे होते. त्यातला एक म्हणाला, "ड्यूड, पुट इट बॅक. इट स्टिंक्स इन हिअर."

आणि मी हसलो.

खरंच हसलो. "सॉरी, सॉरी" म्हणालो, काच वर केली आणि पॅडल होतं तिथे परत लावलं. माझ्या हातांनी. मग हात धुतले आणि लेक्चरला गेलो. अठरा वर्षं झाली ह्या गोष्टीला. त्या दोघांचा मला राग येत नाही. राग येतो तो त्या हसण्याचा.

ज्यांना हे पॅडल म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथे अमेरिकेत कॉलेजांत फ्रॅटर्निटी असतात. ग्रीक अक्षरांचं नाव, कॅम्पसजवळ एक मोठं घर, आणि त्यात एकमेकांना ब्रदर म्हणणारी पोरं. देशभर त्यांच्या शाखा, त्यांना चॅप्टर म्हणतात. आमची फ्रॅटर्निटी देसी पोरांची होती. नवीन पोराला एक थोरला भाऊ मिळतो, त्याला बिग म्हणायचं. नवा तो लिटल. लिटलने स्वतःच्या हाताने लाकडाचं वल्ह्यासारखं पॅडल करायचं आणि आपल्या बिगला द्यायचं. बिग ते आपल्या खोलीत लावतो, पुढे लग्न झालं तरी घरात लावतो. आणि घराच्या जिन्यापाशी भिंतीवर एक झाड रंगवलेलं. प्रत्येक ब्रदरचं एक पान. बिगच्या पानापासून लिटलच्या पानापर्यंत रेघ. पोरं तिथे उभी राहून आपली रेघ बोटाने वर वर नेत पहिल्या ब्रदरपर्यंत जायची. वंशावळच ती.

माझं पान होतं. त्याला रेघ नव्हती.

मी बारा वर्षांचा असताना आम्ही नागपूरहून हर्नडनला आलो. बाबा सॉफ्टवेअरमध्ये. सातवीपर्यंत मराठी शाळा, मग एकदम इथली मिडल स्कूल, तिथे माझा उच्चार ऐकून पोरं हसून लोळायची. त्यामुळे कॉलेजात देसी पोरांनी हाक मारली तेव्हा मी धावतच गेलो. चिन्मय माझा बिग झाला. जन्म इथलाच, आईवडील पुण्याचे. दिसायला देखणा, बोलायला गोड. त्याने मला टाय बांधायला शिकवलं, गाडी पार्क करायला शिकवलं. मला भाऊ नव्हता. मला वाटलं, मिळाला.

आमचं आडनाव असं की त्यावरून पटकन काही कळत नाही. आजोबांनी बदललं होतं. ते का बदललं हे मला घरात कोणी बसवून सांगितलं नव्हतं, पण मला ठाऊक होतं. आईच्या पर्समध्ये निळ्या कोटातला तो फोटो असायचा, आणि आम्ही तो लोकांसमोर काढत नव्हतो. एवढं पुरेसं होतं.

मग पॅरेंट्स वीकेंड आला. सगळ्यांचे आईवडील घर बघायला येणार. बाबा कामासाठी बाहेरगावी होते, आई एकटीच आली, बसने. मांडीवर डबा धरून. डब्यात पुडाच्या वड्या, कोथिंबीर ठासून भरलेल्या, आदल्या दिवशी दिवसभर तळलेल्या. पोरांनी अर्धा डबा उभ्याउभ्या संपवला. आई नुसती फुलून गेली होती.

चिन्मयची आई, काकू, आईशेजारी येऊन बसल्या. मराठी बाई भेटली म्हणून दोघी खूष. काकूंच्या हातात वडी. एक घास खाल्लेला.

"नागपूरच्या का तुम्ही? माझी मावसबहीण असते तिथे, धरमपेठेत. तुम्ही कुठे?"

"इंदोऱ्यात," आई म्हणाली. सरळ. पत्ता विचारला, पत्ता सांगितला. धरमपेठ कोणाची आणि इंदोरा कोणाचा, हे नागपूर ठाऊक असलेल्याला सांगावं लागत नाही.

काकूंचा चेहरा बदलला नाही. मी शपथेवर सांगतो, हसू तसंच होतं. फक्त हात थांबला. मग त्यांनी वडी कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळली आणि म्हणाल्या, "छान झाल्यात हं. नंतर खाते सावकाश." पाच मिनिटांनी मी प्लेट टाकायला गेलो तेव्हा कचऱ्याच्या डब्यात ते नॅपकिन सगळ्यात वर होतं, वडीसकट.

आईला बसस्टॉपवर सोडायला मित्राची गाडी मागून घेतली होती. गाडीत मी तिच्यावर ओरडलो. ओरडलोच. म्हणालो, "इंदोरा कशाला सांगितलंस? नुसतं नागपूर म्हणता येत नाही? कोणी विचारलं तर पुन्हा हे नाव काढायचं नाही." आई रिकामा डबा मांडीवर धरून समोर बघत बसली.

त्या रविवारनंतर चिन्मयने माझे फोन घेणं बंद केलं. आठवडा गेला, दोन गेले. मी त्याला लायब्ररीबाहेर गाठलं. तो बुटांकडे बघत म्हणाला, "इट्स नॉट मी, ब्रो. माय मॉम्स बीइंग विअर्ड. मी आपला थोडा बिझी आहे ह्या सेमिस्टरला." बस. पॅडल मी त्याला आधीच दिलं होतं. त्याच्या भिंतीवरून ते संडासात कसं गेलं, कोणी नेलं, मी कधी विचारलं नाही. झाडावर माझं पान आधी रंगवून झालं होतं, रेघ राहिली होती. ती राहूनच गेली. एक वर्ष मी त्या घरात जात राहिलो, मग जाणं सोडलं. मी गेलो हे कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

आता मी ॲशबर्नला राहतो. डेटा सेंटरमध्ये काम करतो. बायको आहे, मुलगी आहे, बाबा गेल्यापासून आई आमच्याकडे आहे. चिन्मयही ॲशबर्नलाच राहतो, माझ्यापासून दहा मिनिटांवर. एकदा देसी ग्रोसरीत समोर आला होता. मी पंधरा मिनिटं भेंडी निवडत बसलो, तो जाईपर्यंत. घरी आल्यावर आई म्हणाली, एवढी भेंडी कोण खाणार?

आणि ह्या वर्षी एका शनिवारी सकाळी फोन वाजायला लागला. टिंग, टिंग, टिंग. कोणीतरी मला व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं होतं. 'ब्रदर्स फॉर लाइफ'. वेलकम होम भाई. लाँग टाइम यार. लव्ह यू ब्रदर. ओळीने लाल बदाम. आणि चिन्मयचा वेगळा मेसेज : "मिस यू मॅन. चॅप्टर पुन्हा सुरू करतोय. तुझ्याशिवाय होणार नाही."

माझ्याशिवाय? मी फोन टेबलावर पालथा ठेवला.

मला माणसांवर पटकन विश्वास बसत नाही, हे मान्य. बायको म्हणते मी दूधवाल्यालाही उलटतपासणीला उभा करेन. पण तुम्हीच सांगा. ज्याला अठरा वर्षांत माझा वाढदिवस आठवला नाही, त्याला एकाएकी माझ्यावाचून करमेना? मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. 'तुझ्याशिवाय होणार नाही.' म्हणजे काय होणार नाही? माझ्याकडे असं काय आहे?

थोडं कळलं ते असं. चॅप्टर तीन-चार वर्षांपूर्वी बंद पडला होता. आता कॅम्पसवरची काही नवी पोरं तो उघडायला तयार आहेत. पण फ्रॅटर्निटीचं मुख्य ऑफिस, ज्याला हे नॅशनल म्हणतात, ते जुन्या ब्रदर्सच्या सह्या मागतं आणि एक निवेदन मागतं. एवढंच असेल तर सह्या करायला जुने ब्रदर्स पुष्कळ होते. मग मीच का?

"जाऊन तर ये," बायको म्हणाली. "खाणारेत का ते तुला?"

गेलो. चिन्मयच्या घरी रविवारी दुपारी जेवण होतं. दहा-बारा जण, सगळ्यांची पोटं सुटलेली, केस मागे गेलेले. मिठ्या मारल्या. पाठीवर थापा मारल्या. माझ्या पाठीवर थाप पडली की मी मोजतो, हात जानवं चाचपायला कुठे थांबतो ते. ह्या वेळी कुठे थांबला नाही. पण आता ह्यांना चाचपायची गरजच नव्हती. काकू बाहेर आल्या. म्हाताऱ्या झाल्या होत्या. "अरे, किती वर्षांनी! आई कशी आहे?" मी म्हणालो, बरी आहे. त्यांनी मला आग्रह करकरून वाढलं. मी बघत होतो मला कोणतं ताट मिळतं. सगळ्यांनाच कागदी प्लेटा होत्या, त्यामुळे काही कळायला मार्ग नव्हता.

जेवणानंतर चिन्मयने टीव्हीवर ते झाड लावलं. भिंतीवरचं झाड त्यांनी नव्याने काढून घेतलं होतं, नॅशनलला पाठवायला. सुबक, हिरवंगार. लोक आपापली पानं शोधायला लागले. मीही शोधलं. सापडलं. चिन्मयच्या पानाखाली माझं पान, आणि दोघांच्या मध्ये रेघ.

खरं सांगू? मला आनंद झाला. पोटातून झाला. लाज वाटते लिहायला, पण झाला. चिन्मयने खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "शुड हॅव बीन देअर ऑल अलाँग, भाई." मी घरी गाडी चालवत आलो तेव्हा गाणं गुणगुणत होतो. इतकी वर्षं पोसलेला संशय एका रेघेत विरघळायला निघाला होता. एवढा स्वस्त मी.

मंगळवारी त्यांनी निवेदनाची फाईल शेअर केली. सगळ्यांनी वाचा, आपापल्या नावापुढे सही करा. मी लंच ब्रेकमध्ये उघडली. इंग्रजीतलं गोड गोड लिखाण. बंधुभाव, वारसा, सेवा. मग चौथा परिच्छेद. तो माझ्या नावाने लिहिलेला होता. त्याचा अर्थ असा : 'मी पिढ्यान्‌पिढ्या वंचित राहिलेल्या समाजातून येतो. ह्या घरात मला कधीही वेगळं वागवलं गेलं नाही. माझ्या बिगने मला सख्ख्या भावासारखं सांभाळलं.'

मी हे कधी बोललो नव्हतो. कोणाशीच नाही. माझा समाज कोणता हेसुद्धा मी त्या घरात कोणाला सांगितलेलं नव्हतं.

आणि कडेला शेरे होते. चिन्मय आणि निखिल, म्हणजे ह्या सगळ्याचा सेक्रेटरी, ह्या दोघांचं आपसातलं बोलणं. ते पुसायचं राहून गेलं होतं. आम्हा आयटीवाल्यांकडून हमखास होणारी चूक. फाईल सगळ्यांना पाठवली आणि कडेचं कोणी बघितलंच नाही.

चिन्मयने लिहिलं होतं, "हा पॅरा त्याच्या नावाने घेऊ. त्या दोन पोरांच्या कंप्लेंटला हेच उत्तर. त्याच्यासारख्याची सही असली की नॅशनल पुढे विचारणार नाही."

निखिल : "विल ही साइन?"

चिन्मय : "ही विल. ही नेव्हर सेज एनिथिंग."

मी ते वाक्य किती वेळा वाचलं ते माहीत नाही. ही नेव्हर सेज एनिथिंग. तो कधीच काही बोलत नाही. अठरा वर्षांपूर्वी संडासात मी हसलो होतो, आणि त्या हसण्यावर ह्या माणसाने आज सगळा डाव मांडला होता. चॅप्टर का बंद पडला तेही खालच्या शेऱ्यांतून आता कळलं. दोन पोरांनी लिहून दिलं होतं, इथे बिग ठरवताना आडनावं चाळतात. नॅशनलने जाब विचारला होता. त्यावरचा उतारा मी होतो.

घरी आलो तेव्हा आई किचनमध्ये मेथी निवडत बसली होती. मी लॅपटॉप घेऊन तिच्यासमोर बसलो. तोंड बघूनच तिला कळतं.

"काय झालं रे? काय वाचून राहिला?"

मी तिला सगळं सांगितलं. पॅडलपासून. खिडकी, चिन्मय, झाड, रेघ, हा कागद. काकूंच्या नॅपकिनचं मात्र गाळलं. तेवढं तिच्या कानावर जायला नको, असं मला अजून वाटत होतं. आई मेथीची पानं खुडत ऐकत होती. मी थांबलो तशी म्हणाली,

"आन् वडीचं नाही सांगत?"

मी लॅपटॉप बाजूला सारला.

"मी बी पाहिली ती. कचऱ्यात. आपण निघताना." तिने काड्या बाजूला सारल्या. "गाडीत तू ओरडला मायावर. म्हटलं, पोराले लागलंय मनाले. ओरडू दे."

"आई, तू काही बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू म्हणला इंदोऱ्याचं नाव काढू नको. नाही काढलं. अठरा वर्षं कोणी विचारलं तर नागपूर म्हणते. नुसतं नागपूर." मग तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "पण एक सांग मले. मी खोटं सांगाले पाहिजे होतं का त्या बाईले?"

चिन्मयने मला दोन वाक्यांत तोडलं, काकूंनी एका नॅपकिनात. पण माझ्या आईचं गाव तिच्या तोंडातून काढून घेतलं ते मी. ज्या मोहल्ल्यात तिचे वडील पहाटे उठून पोरांची शिकवणी घ्यायचे, जिथे तिचं लग्न झालं, जिथून आम्ही विमानतळाकडे निघालो तेव्हा अर्धी गल्ली सोडायला आली होती, त्याचं नाव घेऊ नको असं मी तिला बजावलं. आणि ती गप्प बसली. मला वाटत होतं अपमान माझा झालाय.

"नाही," मी म्हणालो. "तू बरोबर सांगितलंस. चुकलो मी."

ती पुन्हा मेथी खुडायला लागली, पण डोळे पुसायला तिला पदर दोनदा उचलावा लागला.

तेवढ्यात चिन्मयचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"भाई, सही झाली का? फ्रायडेला पाठवायचंय."

"माझं पॅडल कुठे होतं, चिन्मय?"

"कुठलं पॅडल?"

"मी तुला दिलेलं. अक्रोडाचं."

"आय डोन्ट नो, यार. इट्स बीन फॉरएव्हर. का रे?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. मी कडेचे शेरे वाचून दाखवले. शब्द न् शब्द. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "ओके, लुक. ते वाईट दिसतं, आय गेट इट. पण डोन्ट मेक इट अ थिंग. तू सही नाही केलीस तर चॅप्टर संपला. त्या नव्या पोरांचा काय दोष? आणि तेव्हाचं म्हणशील तर दॅट वॉज माय मॉम, नॉट मी."

"काकूंनी वडी टाकली. भाऊ तू टाकलास," मी म्हणालो. "आणि आज ज्या कागदावर माझी सही मागतोयस ना, तो काकूंनी लिहिलेला नाही."

"सो व्हॉट डू यू वाँट?"

"चौथा पॅरा मी लिहिणार. माझ्या नावाचा आहे, मीच लिहिणार."

त्याने फोन ठेवला. दहा मिनिटांत फाईल माझ्यासाठी बंद झाली. ग्रुपमधूनही काढून टाकलं. ब्रदर्स फॉर लाइफ, पुरते दोन महिनेसुद्धा नाही. पण मी फाईलची आणि शेऱ्यांची कॉपी ऑफिसातच काढून ठेवली होती. संशयी माणसाला एवढा तरी फायदा हवा.

आई उठून माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. मी थेट नॅशनलला लिहायला घेतलं. इंग्रजीत लिहीत होतो आणि मोठ्याने मराठीत सांगत होतो. मी ह्या चॅप्टरचा ब्रदर आहे. माझ्या आईने आपला पत्ता खरा सांगितला म्हणून माझ्या बिगने मला टाकलं. मी केलेलं पॅडल संडासाच्या खिडकीला टेकू म्हणून वापरलं. त्या दोन पोरांनी तुम्हाला जे कळवलं ते खरं आहे, माझ्या वेळीही खरं होतं. सोबत जोडलेल्या झाडात माझ्या पानाला जी रेघ आहे ती खोटी आहे, ह्याच महिन्यात काढलेली आहे. ती पुसा. पान राहू द्या. मी तिथे होतो.

"मोहल्ल्याचं नाव लिहिलं का?" आईने विचारलं.

"लिहितो."

"नीट लिही. नागपूर आधी नको. आधी इंदोरा, मग नागपूर."

मी तसं लिहिलं. खाली पूर्ण नाव लिहिलं, आजोबांनी टाकून दिलेलं जुनं आडनाव कंसात लिहिलं, आणि पाठवलं. चिन्मयलाही पाठवलं. सही हवी होती त्याला. ह्या कागदावर आहे ती.

चॅप्टर उघडेल की नाही मला माहीत नाही. न उघडला तर मला दुःख होणार नाही. उघडला तर पहिल्या दिवशी मी त्या घराच्या दारात असेन. आईला घेऊन, डबा घेऊन. जुना ब्रदर आहे मी, मला कोणी अडवू शकत नाही. येणाऱ्या प्रत्येक पोराला मी आधी वर नेईन आणि ती खिडकी दाखवीन. इथे काय लावलं होतं, कोणी लावलं होतं आणि परत कोणी लावलं होतं, ते सगळं सांगेन.

आणि सांगताना हसणार नाही.